कोकणात बसून ब्लॉग लिहिताय? मग तो घर कसं चालवेल ते बघू

मे महिन्यातला रविवार होता, दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो आणि ठाण्याहून एका ताईंचा फोन आला. नंबर ब्लॉगवरून घेतलेला. म्हणाल्या, "दादा, तुमची तारकर्लीची पोस्ट वाचली, छान लिहिलंय, पण एक विचारू का? होमस्टेच्या दारापर्यंत गाडी येते का? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला वाळूतून चालवत नाही. आणि कमोड असतो ना सगळीकडे?"

मी त्या पोस्टमध्ये सूर्यास्तावर दोन परिच्छेद लिहिले होते, पाण्याच्या रंगावर एक, आणि या ताईंना हवं होतं ते एक वाक्यसुद्धा त्यात नव्हतं. मग चार होमस्टेवाल्यांना फोन लावले. एकाने नीट सांगितलं, गाडी माडांमधून थेट पडवीपर्यंत येते, दोनच पायऱ्या आहेत आणि बाजूला धरायला लोखंडी पाईप लावलाय, त्याच्याही आईसाठीच लावलेला. ताईंना कळवलं, त्या आल्या, चार दिवस राहिल्या, आणि त्या गेल्यावर होमस्टेवाल्याने मला न मागता पाचशे रुपये गुगल पे केले. तोवर ब्लॉग सुरू करून दीड वर्ष झालं होतं आणि जाहिरातींचा एक रुपया बँकेत आला नव्हता. ब्लॉगचा धंदा कुठे असतो ते मला त्या पाचशे रुपयांनी शिकवलं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे देवगड, मालवण, गुहागर, दापोली, श्रीवर्धन सगळीकडे पोरं-पोरी चांगलं लिहितायत, फोटो तर अफलातून काढतायत आणि दोन वर्षांत कंटाळून सोडून देतायत.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचक पोस्ट वाचून झाल्यावर जो पुढचा प्रश्न विचारतो त्यात पैसे असतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फुकट द्यायचं, मनापासून द्यायचं, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा धंदा.

आधी जाहिरातींचं बघून टाकू

कारण सगळ्यांची सुरुवात तिथेच होते. गुगल अ‍ॅडसेन्स मराठी ब्लॉगला चालतं, अर्ज करा, मंजूर झालं की पानावर जाहिराती दिसायला लागतात. १० डॉलर जमले की तुमचा पत्ता तपासायला गुगल घरी एक पत्र पाठवतं, त्यात पिन असतो, तो खात्यात टाकायचा. आता आपल्याकडे पत्ता म्हणजे गावाचं नाव, पोस्ट, तालुका एवढं लिहून भागत नाही, वाडी लिहा, घराजवळचं देऊळ किंवा शाळा लिहा, फोन नंबर लिहा. माझ्या पहिल्या पत्त्यात वाडीचं नाव नव्हतं, आमच्या आडनावाची गावात चाळीस घरं, ते पत्र काही माझ्यापर्यंत आलं नाही. दुसऱ्यांदा मागवलं, वाडी टाकली, पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवलं, तेव्हा मिळालं. पुढे १०० डॉलर पूर्ण झाले की मगच पैसे निघतात, महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या मधे बँकेकडे येतात.

आता हिशोब करा. समजा हजार व्ह्यूजमागे तुम्हाला अर्धा डॉलर पडतोय, तर १०० डॉलर व्हायला दोन लाख व्ह्यूज लागले. रुपयांत ते साधारण आठ-नऊ हजार. तेच तुम्ही दीडशे रुपयांचं एक नीट बनवलेलं गाईड विकलं तर साठ माणसांनी घेतलं की नऊ हजार झाले. दोन लाख लोक गोळा करायचे की साठ लोकांचं काम नीट करायचं? मी जाहिराती काढल्या नाहीयेत, त्यातून डोमेन (ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि होस्टिंग (ब्लॉग ठेवायची जागा) यांचा खर्च निघतो आणि तेवढंच त्यांचं काम. पण ज्या पानावरून माणूस मला फोन करतो किंवा बुकिंग करतो त्या पानावर मी एकही जाहिरात ठेवत नाही, कारण तिथून तो दुसऱ्याच्या लिंकवर गेला तर मला काही पैसे मिळणार आणि माझा कायमचा माणूस जाणार.

जगात ज्यांनी खरोखर ब्लॉगचा धंदा केला त्यांचंही असंच झालेलं दिसतं. आग्र्याच्या अमित अगरवाल यांनी २००४ मध्ये डिजिटल इन्स्पिरेशन हा ब्लॉग सुरू केला, कॉम्प्युटरवर अमुक काम कसं करायचं हे सोपं करून सांगायचे, आणि वाचत वाचत लोकांचा पुढचा प्रश्न आला की हे आपोआप होईल असं काही आहे का, तर त्यांनी जीमेल आणि गुगल शीट्सला जोडायची छोटी सॉफ्टवेअर बनवून विकायला सुरुवात केली. अमेरिकेत पॅट फ्लिन म्हणून एक जण आर्किटेक्टच्या ऑफिसात होता, २००८ च्या मंदीत नोकरी गेली. त्याने स्वतःच्या अभ्यासासाठी एका परीक्षेच्या नोट्स वेबसाईटवर टाकून ठेवल्या होत्या, लोक वाचत होते, त्याने त्याच नोट्सचं ई-बुक केलं १९.९९ डॉलरचं, आणि ऑक्टोबर २००८ या पहिल्याच महिन्यात ७,९०० डॉलरच्या वर मिळाले. नोट्स फुकटच होत्या हो, पण लोकांनी पैसे दिले ते सगळं एका ठिकाणी, क्रमाने, प्रिंट काढून वाचता येईल असं मिळालं म्हणून. आणि वायरकटर बघा, २०११ मध्ये सुरू झालेली साईट, कुठली वस्तू घ्यावी एवढंच सांगायची, लोक तिथल्या लिंकवरून घ्यायचे आणि यांना कमिशन, २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती साधारण ३ कोटी डॉलरला विकत घेतली. एकाने सॉफ्टवेअर, एकाने पुस्तक, एकाने सल्ला. तिघांचाही वाचक आधी फुकट आला होता.

कोणासाठी लिहिताय ते नक्की करा

"कोकण" हा विषय होऊ शकत नाही, फार मोठा आहे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळं थोडं थोडं लिहिलंत तर कोणाचंच काम होत नाही. एक माणूस डोळ्यासमोर आणा. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे म्हातारे आई-वडील आणि लहान पोरं घेऊन सिंधुदुर्गात येणारं कुटुंब. तुमचा वेगळा असेल. मुंबईचा चाकरमानी ज्याचं गावचं घर बंद आहे आणि गणपतीच्या आधी साफसफाई, डागडुजी करून घ्यायचीय, तो एक अख्खा ब्लॉग आहे, खरं सांगतो, आणि त्याच्यावर नीट लिहिलेलं मला तरी कुठे दिसलं नाही. बाईकवरून सागरी मार्गाने येणारी पोरं, ज्यांना पेट्रोल पंप कुठे आणि फेरी किती वाजता बंद होते हे हवंय. शाकाहारी माणसं ज्यांना मालवणात जेवायचं कुठे हा खराखुरा प्रश्न पडतो.

माणूस ठरला की त्याचे तीस प्रश्न वहीत लिहून काढा, आणि हे घरी बसून सुचत नाहीत. होमस्टेवाल्याकडे बसा आणि त्याचा फोन वाजला की ऐका लोक काय विचारतात. स्कूबावाल्याला विचारा. रिक्षावाल्याला विचारा, कणकवली स्टेशनवर उतरलेली माणसं पहिलं काय विचारतात. गुगलच्या सर्चमध्ये "तारकर्ली" टाइप करून थांबा, खाली काय काय सुचवतं ते लिहून घ्या. ब्लॉग चालू असेल तर गुगलचं सर्च कन्सोल जोडा, ते फुकट आहे, त्यात लोक नेमके कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. माझ्या विजयदुर्गच्या पोस्टवर लोक "विजयदुर्ग बोट" शोधत यायचे, कारण त्यांना वाटायचं सिंधुदुर्गासारखं इथेही होडीतून जावं लागतं. विजयदुर्गात चालत जाता येतं. ते एक वाक्य मी सगळ्यात वर आणून ठेवलं आणि त्याखाली पायऱ्या किती, सावली कुठे, पाणी कुठे मिळतं ते. जुलै २०२५ मध्ये आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किनाऱ्यावरचे चारही आहेत, तेव्हा हे प्रश्न आता वाढतच जाणार, जो पहिला नीट उत्तर देईल त्याच्याकडे लोक येणार.

उत्तर लिहिताना स्वतः जाऊन बघा. पायऱ्या मोजा. मी तर आता खिशात टेप ठेवतो, बाथरूमचा दरवाजा व्हीलचेअर जाण्याएवढा रुंद आहे का ते मोजतो, होमस्टेवाले आधी बघत राहिले, आता स्वतःच सांगतात की आम्ही रॅम्प केलाय, येऊन बघून जा. ही माहिती दुसऱ्याच्या पोस्टवरून उचलता येत नाही आणि एआयला विचारूनही मिळत नाही, म्हणून तिला किंमत आहे.

कोकणाचं वर्ष आणि ब्लॉगचं वर्ष

आपल्याकडे सगळं हंगामावर चालतं आणि ब्लॉगही त्याला अपवाद नाही, फक्त तो दोन-तीन महिने पुढे चालतो. लोक मे महिन्यात येतात पण शोधतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. गणपतीला येणारे रेल्वेचं बुकिंग आधी बघतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे गणपती सप्टेंबरमध्ये असले की जुलैमध्ये धावपळ, आणि कित्येकांना अजून जुनाच नियम डोक्यात आहे. कुठल्या तारखेच्या गाडीचं बुकिंग कुठल्या दिवशी सकाळी उघडणार याचा साधा तक्ता जूनमध्ये टाका, बघा किती शेअर होतो ते, आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझाच तक्ता मला तीन वेळा फॉरवर्ड होऊन आला होता.

मात्र दरवर्षी नवीन पोस्ट करू नका. पान तेच ठेवा, लिंक तीच, आतल्या तारखा बदला. जुन्या पानाने गुगलमध्ये कमावलेली जागा नव्या पानाला पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते. लिंकमध्ये वर्षही घालू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पावसात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद, कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं. हे सगळं लोकांना माहीत नसतं, जुलैमध्ये येतात आणि ताजं पापलेट मागतात. त्यांच्यासाठी पावसाळ्याचं वेगळं पान हवं, आंबोली, धबधबे, भातलावणी, फणसाची भाजी, अळू. आणि तुमच्यासाठी पावसाळा म्हणजे लिहायचा हंगाम. गिऱ्हाईक नसतं, बाहेर पडता येत नाही. लाईट जाते, रेंज जाते, म्हणून मी मोबाईलच्या नोट्समध्ये ऑफलाईन लिहून ठेवतो आणि रेंज आली की चढवतो. वर्षाच्या निम्म्या पोस्ट माझ्या जून ते ऑगस्टमध्येच लिहून होतात.

वाचकाला धरून ठेवायचं

हे मी फार उशिरा केलं. सगळं ट्रॅफिक गुगलवरून येतंय म्हणून खूश होतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने सर्चचे निकाल लावायच्या पद्धतीत जो बदल केला त्यात जगभरचे कितीतरी छोटे ट्रॅव्हल ब्लॉग खाली गेले, माझाही गेला, काहीही चूक न करता. आता तर सर्चमध्ये वरतीच एआयचं उत्तर येतं, माणूस तुमच्या पानावर येतच नाही. इन्स्टाचंही तसंच, उद्या रील दाखवायचं बंद केलं की संपलं. त्यामुळे डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च असतो, आणि वाचकाचा नंबर किंवा ईमेल त्याच्या परवानगीने स्वतःकडे ठेवा.

आपल्या लोकांना ईमेलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप बरं पडतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप फुकट आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांपर्यंत घेता येतात, आणि त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, ही अट मला आवडते कारण ज्याला खरंच हवंय तोच राहतो. मी पोस्टच्या शेवटी एवढंच लिहितो, "तुम्ही कधी येताय आणि बरोबर कोण आहे ते कळवा, मी घरांची यादी पाठवतो." लोक कळवतात. त्या मेसेजमध्ये तारीख असते, माणसं किती ते असतं, म्हातारं माणूस आहे का ते असतं. दहा हजार फॉलोअर्सपेक्षा असे दोनशे मेसेज जास्त कामाचे आहेत, हे मी अनुभवाने सांगतोय. फक्त रोज सुप्रभात पाठवू नका, महिन्याला दोन मेसेज पुष्कळ झाले.

मग विकायचं काय

मी आधी गाईड केलं, पीडीएफ, चाळीस पानी, "आई-बाबांना घेऊन सिंधुदुर्ग, चार दिवस". त्यातली बरीचशी माहिती ब्लॉगवर फुकट आहेच. पण गाईडमध्ये ती दिवसाप्रमाणे लावली आहे, सकाळी किती वाजता निघायचं, वाटेत बाथरूमला कुठे थांबायचं, दुपारचा आराम कुठे, डॉक्टर कुठे, आणि प्रत्येक ठिकाणचा फोन नंबर, त्या माणसाची परवानगी घेऊन. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाईटवर पैसे घ्यायची सोय देणारी कंपनी, साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, सुरुवातीला तेही नको असेल तर यूपीआयवर पैसे घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवा. पहिले वीस मी तसेच विकले. किंमत ठेवायला घाबरलो होतो, काका तर म्हणाले, "ह्यां लिवन पैशे गावतत काय रे?" गावले. आणि विकत घेणारा माणूस फुकट वाचणाऱ्यापेक्षा जास्त नीट वाचतो, चूक असेल तर लगेच कळवतो.

मग होमस्टे. इथे दोन पद्धती आहेत, बुकिंगमागे कमिशन किंवा वर्षाची ठरलेली रक्कम. कमिशनमध्ये कोणाचं बुकिंग माझ्यामुळे आलं यावरून पुढे कुरबूर होते, गाव छोटं, रोज तोंडं बघायची असतात. म्हणून मी वर्षाची रक्कम घेतो, आणि अट एकच की मी स्वतः जाऊन राहून, मोजून आल्याशिवाय घर यादीत येणार नाही, आणि लिहिताना काय कमी आहे तेही लिहिणार. हा नियम मी ठेच लागल्यावर केला. एका घरमालकाने चांगले पैसे दिले होते, फोटो त्यानेच पाठवले, मी न जाता पोस्ट टाकली. पुण्याचं एक कुटुंब माझ्या शब्दावर तिथे गेलं, तर खोली वेगळीच, पाण्याची टाकी रिकामी, आणि आजींना रात्री बादली घेऊन विहिरीपर्यंत जावं लागलं. त्यांनी मला फोन केला तेव्हा रागावले नाहीत, नुसतं म्हणाले "तुम्ही लिहिलं होतं म्हणून आलो." मी पैसे परत केले, पोस्ट काढली आणि त्या सीझनला नवीन एकही घर घेतलं नाही. विश्वास हाच आपला माल आहे, तो एकदा नासला की दुसरा आणायचा कुठून?

पैसे घेऊन किंवा फुकट राहून लिहिलं असेल तर पोस्टच्या सुरुवातीलाच तसं सांगायचं, हा नुसता चांगुलपणा नाही, नियम आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानेही. "ही जाहिरात आहे" किंवा "या घरी आम्ही मोफत राहिलो" असं साध्या मराठीत, ठळक लिहा, खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका. फुकट मिळालेलं राहणं-खाणं हेही उत्पन्नच धरलं जातं. १ जुलै २०२२ पासून असा फायदा वर्षाला २० हजारांच्या वर गेला तर देणाऱ्या मोठ्या कंपनीला त्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, तेव्हा बड्या रिसॉर्टने तीन रात्री फुकट दिल्या तर पॅन मागतील, दचकू नका.

आणि आंबा. यावर मी जरा जास्त बोलणार.

घरची कलमं आहेत, पेट्या वाशी मार्केटला जायच्या, दर काय मिळाला ते नंतर पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आली की कळायचं. ब्लॉगवरचे वाचक विचारायचे, "तुमच्याकडचा आंबा मिळेल का?" पुढचा प्रश्न, बघा! पहिल्या वर्षी पन्नास पेट्या थेट पाठवल्या. पण आंबा विकायची सुरुवात एप्रिलमध्ये होत नाही, डिसेंबर-जानेवारीत होते, मोहोर येतो तेव्हा. मोहोराचा फोटो टाका, थंडी कमी पडली तर काय होतं ते लिहा, तुडतुडा (मोहोरावरची कीड) आला तर तेही लिहा. फळ वाटाण्याएवढं झालं, सुपारीएवढं झालं, गळ झाली, सगळं सांगत राहा. मार्चपर्यंत वाचकाला ती बाग आपली वाटायला लागते आणि मग तो भावावरून घासाघीस करत नाही. निम्मे पैसे आगाऊ घ्या, पण तारीख देऊ नका, आठवडा सांगा, कारण एक अवकाळी पाऊस आला की सगळं पुढे-मागे होतं.

पेटीबरोबर काय पाठवता हे पेटीइतकंच महत्त्वाचं. आंबा आपण तयार पण कडक, हिरवा काढतो, पेंढ्यात घालतो, मुंबईतला माणूस पेटी उघडून म्हणतो "हे तर कच्चे पाठवलेत", आणि काही जण लगेच फ्रीजमध्ये टाकतात. त्यामुळे मी पेटीत एक चिठ्ठी टाकतो आणि तीच ब्लॉगवर पोस्ट आहे: पेटी आल्याबरोबर उघडा, आंबे पेंढ्यावर एकेक करून मांडा, देठ वर नको, रोज एकदा बघा, रंग येण्याआधी वास येतो, दाबून बघू नका, वास घ्या, पिकल्यावरच फ्रीजमध्ये. आणि साक्याबद्दल आधीच सांगा. हापूसमध्ये साका निघतो, बाहेरून फळ अगदी देखणं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजसारखं, ते बाहेरून ओळखता येत नाही, बागायतदाराचीही त्यात लबाडी नसते. मी लिहून ठेवलंय की साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त येतील. लोक खोटे फोटो पाठवतील असं घरचे म्हणत होते. तसं झालं नाही. उलट ज्याला मी दोन फळं भरून दिली तो पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या मिळून सहा पेट्या घेतो.

नावाचं मात्र सांभाळा. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव वापरू देणारी नोंद, मिळाला, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत. जीआयचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती करून घ्या, कारण बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणारे पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाईक आता विचारतं. आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंबापोळी, फणसपोळी, असं काही करून विकायचं असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते, घरगुती प्रमाणात असलात तरी टाळू नका. बचत गटाच्या बायकांकडे ती बऱ्याचदा असतेच, त्यांचाच माल त्यांच्याच नावाने विकलात तर दोघांचंही भलं.

सगळं एकदम सुरू करू नका. मी गाईड आणि आंबा एकाच वर्षी काढले, एप्रिलमध्ये पेट्या भरत होतो आणि फोनवर लोक खोल्या विचारत होते, दोन्हीकडे कामं राहिली.

हिशोबाचं थोडक्यात. ब्लॉगच्या पैशाला बँकेत वेगळं खातं ठेवा, पहिल्या दिवसापासून. कोणाकडून किती, कशाचे, ते वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा, प्रत्येकाला साधं का होईना बिल द्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो, अ‍ॅडसेन्सचे पैसे बाहेरून येतात, मालाचे नियम वेगळे, तेव्हा वर्षातून एकदा तालुक्याच्या सीएकडे सगळी वही घेऊन बसा. आणि नोकरी असेल तर लगेच सोडू नका, सलग दोन सीझन घरखर्च निघाला की मग घरात बसून बोला.

विकलं की काम संपत नाही. गाईड घेतलेल्या प्रत्येकाला मी परतल्यावर आठवड्याभरात एकच विचारतो, "कशाची माहिती मिळाली नाही?" स्तुती नको असते, तो प्रश्न हवा असतो. परवा डोंबिवलीच्या एका काकांनी लिहिलं की सगळं छान झालं, पण परतीला कणकवली स्टेशनवर गाडी अडीच तास लेट होती, बायकोला शुगर आहे, वेळेवर जेवायला लागतं, स्टेशनच्या आसपास रात्री नऊनंतर साधं वरण-भात कुठे मिळतो ते तुमच्या पुस्तकात नाही. खरंच नाही. उद्या संध्याकाळी कणकवलीला जातोय, तिथली खानावळी-हॉटेलं रात्री किती वाजेपर्यंत चालू असतात ते बघून येतो.